कॉक उघडून दहा मिनिटं

एकच गाडी एकाच महिन्यात परत यावी, असं पुरुषोत्तमच्या दुकानात चौतीस वर्षांत झालं नव्हतं. या उन्हाळ्यात ते चार गाड्यांच्या बाबतीत झालं, आणि नंदकिशोर साहेबांची गाडी तर आज तिसऱ्यांदा दारात उभी होती.

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या रस्त्यावर उगादीपासून गटाराच्या पाइपांसाठी चर खणून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला फळीवरून कसरत करत यावं लागे आणि दिवसभर लाल धूळ दुकानात येऊन बसे. नंदकिशोर साहेबांनी मागच्या दुरुस्तीपासून बासष्ट किलोमीटरही न चाललेली आपली सत्त्याऐंशी सालची टू-स्ट्रोक मोटरसायकल त्या फळीवरून ढकलत आणली. कपाळावरचा घाम पुसून ते स्टुलावर बसले. ते मूळचे पुण्याचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले, आणि राहायला पार जयनगरला. तिकडे मेकॅनिक नव्हते अशातला भाग नाही. पण पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीखालच्या चावीची, आणि कार्बोरेटरची गळती काढायची तर पुरुषोत्तमकडेच, असं जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत ठरून गेलेलं होतं. ज्या गाडीला कॉक नाही ती पुरुषोत्तमही हातात घेत नसे, पुढच्या गल्लीत पाठवून देई.

"पुरुषोत्तम, मी तुम्हाला दोष देत नाही," साहेब म्हणाले. "पण आज सकाळी पुन्हा तेच. जिन्याखाली पाऊल टाकलं की वास. आमची ईरा म्हणते, आजोबा, आपल्याकडे पेट्रोल पंप उघडला का?"

"सर, थेंब पडलेला दिसला काय खाली?"

"थेंब नाही. पेपर पसरून ठेवला होता, कोरडा. नुसता वास. आणि तुळस तिथंच आहे हो, जिन्याला लागून. प्रतिमा रोज संध्याकाळी दिवा लावते. मला खरंच भीती वाटायला लागलीय."

पुरुषोत्तमनं मान हलवली आणि गाडीशी उकिडवा बसला. कॉक उघडला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून त्यानं नाक कार्बोरेटरशी नेलं आणि तसाच थांबला. ही त्याची जुनी रीत. ज्या उस्तादाकडे तो सोळाव्या वर्षी लागला त्यानं शिकवलेली. झिरपणारं पेट्रोल गरम लोखंडावर दिसायच्या आत उडून जातं, डोळे तिथं कामाचे नाहीत. कॉक उघडायचा, दहा मिनिटं थांबायचं, हुंगायचं. वास नाही तर गाडी द्यायची. वास आला तर पुन्हा उघडायची. पुरुषोत्तमनं या दहा मिनिटांत कधी घाई केली नव्हती. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी नाही.

दहा मिनिटं झाली. वास आला नाही. त्यानं बोट फिरवून बघितलं, तेही कोरडं.

"कुठाय सर वास?"

साहेब चपापले. "अहो, मला इथं बसून येतोय."

पुरुषोत्तमनं पुन्हा नाक लावलं. काहीच नाही. एकदा मनात आलं, शिकलेल्या माणसांना एकदा शंका आली की ती जात नाही, हा भास असणार. पण चार गिऱ्हाइकांना एकच भास कसा होईल, हेही त्याच्या डोक्यातून जाईना. मागच्या आठवड्यातला तो बँकवाला तर तोंडावर म्हणून गेला होता, "अण्णा, वय झालं तुमचं, आता बसा घरी." ते त्याला आठवलं आणि कान गरम झाले.

"सरी, बरं," तो म्हणाला. "सगळं उघडतो. तीनपर्यंत देतो."

टाकी रिकामी केली. कॉक सुटा करून त्यातलं चार भोकांचं रबर काढलं. महिन्याभरातलं नवं रबर, पण कडेला फुगून आलेलं. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर कॉकचं तोंड घासलं, आठाचा आकडा काढत, हात न उचलता. कार्बोरेटर खोलला. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलं नाही ना, ते ऐकलं. पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचं टोक नखावर फिरवलं. मग कार्बोरेटर उलटा धरून नळी तोंडात घेतली आणि फुंकर मारली. हवा गेली नाही. नीडल बसत होती. सगळं ठाकठीक होतं, आणि नेमकं तेच त्याला सोसेना. काहीतरी बिघडलेलं सापडलं असतं तर जीव भांड्यात पडला असता.

रबर आणायला तो कोपऱ्यावर हयवदनच्या स्पेअरच्या दुकानात गेला. हयवदन आणि तो शाळेपासूनचे, दोघांचं बोलणं कानडीत.

"परत तेच रबर?" हयवदननं पुडी काढत विचारलं. "तुझा दोष नाही. आताचं पेट्रोल वेगळं. काय काय मिसळतात त्यात. जुनी रबरं फुगतात."

"तेच तर," पुरुषोत्तम म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. "वाससुद्धा राहिला नाही बघ आताच्या पेट्रोलला."

हयवदननं चष्म्यावरून बघितलं. "वास? वास तर आहे तसाच आहे की."

तेवढ्यात कुणी क्लच वायर मागितली आणि तो तिकडे वळला. पुरुषोत्तम पुडी घेऊन धुळीतून परत आला. हयवदनला दिवसभर ऑइलच्या डब्यांत बसून काय कळणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

नवं रबर बसवलं, स्क्रू आवळले, पेट्रोल भरलं. कॉक उघडून दहा मिनिटं तो नाक लावून बसला. वास नव्हता. तीन वाजता नंदकिशोर साहेब गाडीला किक मारून गेले. जाताना त्यांनी गाडीकडे वाकून एकदा हुंगलं. आजवर कुठलं गिऱ्हाईक त्याच्यासमोर असं वाकलं नव्हतं. पुरुषोत्तमनं ते बघितलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून तो घरी निघाला. एक दुसरा कार्बोरेटर त्यानं पिशवीत घालून बरोबर घेतला. या धुळीत नीडलचं काम नको, घरी बसून करू, म्हणून.

घर दोन गल्ल्या सोडून. या घराला एक नियम होता. पुरुषोत्तमनं पुढच्या दारानं यायचं नाही. लग्न होऊन कावेरी आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या अंगाच्या पेट्रोलच्या वासानं तिला भडाभडा उलटी झाली होती. सासूला वाटलं भलतंच, गल्लीत बातमीही पसरली. खरं कारण कळल्यावर हसं झालं ते निराळंच. तेव्हापासून तो मागच्या दारानं येई, न्हाणीत शर्ट उतरवी, बादलीभर पाण्यानं अंग धुई आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकी. कावेरी दुकानाकडे चुकून फिरकत नसे. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. पण संक्रांतीच्या सुमारास त्याला ताप आला, पंधरा दिवस राहिला, आणि उठल्यापासून त्याची ही रीत सुटत गेली. दुकानातच तो साबणानं हात धुई, हुंगून बघे. हात स्वच्छ. शर्ट हुंगे, तोही स्वच्छ. मग टँकरचं पाणी कशाला वाया घालवायचं?

आजही तो पुढच्या दारानं आत आला.

"री," कावेरी आतून म्हणाली. नवऱ्याला हाक मारायची ती तिची जन्माची हाक. "मागून या म्हणून किती वेळा सांगू?"

"हात धुतलेत की. वास कुठाय?"

"आहे."

"नाही."

तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. "माझ्याशी खोटं का बोलालाय तेच कळत नाही मला. तीस वर्षांत बोलला नाहीत."

त्याला राग आला. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं वास आहे, घरात बायको म्हणते वास आहे. सगळ्या जगानं ठरवून आपल्याला वेड्यात काढायचं मनावर घेतलंय, असं त्याला वाटलं. त्यानं शर्ट काढला नाही. तसाच पानावर बसला. तिनं भात वाढला, वर हुळी वाढली. बंगळूरचं सांबार ते, कावेरीच्या हातचं, ज्याच्यासाठी पाहुणे मुद्दाम जेवणाच्या वेळेला येत.

दोन घास खाऊन तो म्हणाला, "हिंग घातला नाहीस?"

कावेरीचा हात वाढता वाढता थांबला. हे रोजचं झालं होतं. कधी हिंग नाही, कधी मसाला भाजला नाही, कधी नुसतं तिखटमिठाचं पाणी. तिनं आधी हिंगाचा डबा बदलला, मग मसाला टाकून देऊन नवा कुटला, मग दुप्पट घालायला लागली. काल सौम्या, त्यांची मुलगी, व्हाइटफील्डच्या ऑफिसातून दमून आली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, हिंगाचा डबा पालथा झाला काय ग?" मुलगी एक म्हणते, नवरा दुसरं. कावेरीनं काल रात्रभर आपल्याच हाताचा विचार केला होता.

"घातलाय," ती हळू म्हणाली. "माझा हात बिघडला असेल तर बिघडला असेल."

तिचं तोंड उतरलेलं त्याला दिसलं, पण हुळी बेचव होती त्याला तो काय करणार?

जेवून तो मधल्या खोलीत पेपर पसरून कार्बोरेटर घेऊन बसला. स्वयंपाकघराची चौकट त्याच्यापासून दोन हातांवर. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर संडगे वाळत पडलेले आणि आणखी घालायचे होते. कावेरीनं मोठ्या पातेल्यात तांदळाच्या पिठाची पेज शिजत लावली.

"मी वरचे संडगे उलटून येते," ती पदर खोचत म्हणाली. "पेजेकडे स्वल्प लक्ष ठेवा. खाली लागायला लागली की वास येईल, लगेच गॅस बंद करा."

"सरी."

तो कामाला लागला. नीडल, वाटी, पॅकिंग. वाटीच्या तळाशी साचलेला पांढरा थर त्यानं काडीनं खरवडला. मध्येच त्याला वाटलं, डोळे थोडे चुरचुरतायत. धुळीनं असेल म्हणून त्यानं बाहीनं पुसले. किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यावर धावत येणारी पावलं ऐकू आली आणि कावेरी त्याला ओलांडून आत शिरली. गॅस बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. खोलीच्या छताशी धुराचा पट्टा तरंगत होता. तो आता कुठं त्याच्या नजरेला पडला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

कावेरी दारात आली. हातात फडकं, फडक्यात पातेलं, पातेल्याच्या तळाला कोळसा. ओरडायलाच ती आली होती. पण त्याचा चेहरा बघून तिचं तोंड मिटलं. तो खरोखरच विचारत होता.

"मला गच्चीवर वास आला," ती म्हणाली. "पलीकडच्या अक्कानं खिडकीतून विचारलं, काय करपलं म्हणून. तुम्हाला नाही आला?"

"नाही."

ती पातेलं खाली ठेवून आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. "डोळे मिटा."

"कावेरी, काम करालोय मी."

"मिटा म्हणते."

त्यानं मिटले. तिनं काहीतरी नाकाशी धरून विचारलं, "हे काय?"

"काय आहे?"

"हिंग. डबा उघडा आहे." ती आत जाऊन आली. "आणि हे?"

तो जोरात हुंगू लागला. नाकपुड्यांना गार हवा लागली, तेवढंच. "कॉफी," त्यानं अंदाजानं ठोकून दिलं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि त्याला हायसं वाटलं. "आता हे?"

काहीतरी मऊ, कापडाचं. तो विचार करत राहिला. तिनं हाताशी जे असेल ते धरलं असणार. "धुतलेलं काहीतरी. साबण."

त्यानं डोळे उघडले. तिच्या हातात त्याच्याच अंगातल्या शर्टाची बाही होती. सकाळपासून तीन टाक्या उपसलेला शर्ट. आणि कॉफीच्या डब्याऐवजी शेजारी हळदीचा डबा पडला होता. बरोबर असं ती उगाच म्हणाली होती.

मग कावेरीला हुंदका आला, आणि तो दुःखाचा होता की कसला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "म्हणजे माझी हुळी चांगली होती," ती म्हणाली.

पुरुषोत्तमच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट उलटी होत होती. ताप. संक्रांतीनंतरच्या गाड्या. त्याचे हात बिघडले नव्हते. पहिल्या बसवणीत सगळं नीट बसतं असं कधीच नव्हतं, आधीही नव्हतं. दर दोन-तीन गाड्यांमागे एकीला वास यायचा आणि तो पुन्हा उघडायचा, एवढंच. ती पुन्हा उघडायची वेळच या चार महिन्यांत आली नव्हती. चार महिने तो दहा-दहा मिनिटं हवा हुंगत बसला होता आणि गाड्या देत होता.

मग त्याला तुळस आठवली.

"दिवा," तो म्हणाला आणि उठला. साहेबांना फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साहेब पाच वाजता फोन घरी ठेवून फिरायला जातात हे त्याला माहीत होतं, आणि प्रतिमाबाईंचा नंबर त्याच्याकडे नव्हता. घड्याळात साडेपाच.

पिशवीत पाना आणि स्क्रू ड्रायव्हर टाकले, दाराशी गेला आणि तिथंच थांबला. जाऊन करणार काय? गाडीसमोर बसून नाक लावणार? त्यानं मागं वळून बघितलं. तीस वर्षं दुकानाची पायरी न चढलेली बायको पदरानं डोळे पुसत होती.

"येतेस?" त्यानं विचारलं.

कावेरीनं चप्पल घातली.

मेट्रोच्या दाराशी गार्डनं पिशवी उघडायला लावली. पाना बाहेर काढून उलटसुलट केला, वरिष्ठाला हाक मारली, त्यानं पुरुषोत्तमला जवळ बोलावून विचारलं, "पेट्रोल नेताय काय?" पिशवीची पुन्हा झडती झाली. मागची रांग चुळबुळली. कावेरीनं कानडीत काहीतरी सांगितलं तेव्हा कुठं सोडलं. डब्यात उभं राहिल्यावर शेजारची बाई रुमाल नाकाला लावून पलीकडे सरकली.

"येतोय काय?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

कावेरीनं होकाराची मान हलवली. त्यानं हात अंगाशी घट्ट धरून घेतले आणि जयनगर येईपर्यंत दाराच्या काचेकडे बघत राहिला. चार महिने तो हाच वास घेऊन बँकेत, देवळात, भाचीच्या साखरपुड्यात जाऊन आला होता.

साहेबांच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा उजेड कमी झाला होता. जिन्याखाली गाडी, जिन्याला लागून तुळस, आणि प्रतिमाबाई कोनाड्यातल्या दिव्यात तेल घालत होत्या. काडेपेटी कठड्यावर होती.

"अक्का, दिवा स्वल्प थांबवा," कावेरी फाटकातूनच म्हणाली. ओळख ना देख. प्रतिमाबाईंनी तेलाची बुधली हातात तशीच धरली.

तेवढ्यात नंदकिशोर साहेबही फिरून आले. "पुरुषोत्तम? काय झालं? आणि या?"

"माझी बायको सर. एक दहा मिनिटं द्या."

गाडी अंगणात, मोकळ्या जागी घेतली. पुरुषोत्तमनं कॉक उघडला आणि बाजूला झाला. कावेरीनं पदर कमरेला खोचला, फरशीवर गुडघे टेकले आणि वाकली. पहिल्याच श्वासाला ती मागं झाली, तोंडावर हात दाबून क्षणभर बसली आणि पुन्हा वाकली. पुरुषोत्तमला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण हाताला काय लागलं असेल या विचारानं त्यानं तो ठेवला नाही.

"खाली नाही," ती म्हणाली. "वर आहे. तुमच्या डाव्या अंगाला, त्या चपट्याच्या मागं."

कॉकच्या मागच्या स्क्रूशी. त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला, आवळला. पुसलं. पुन्हा दहा मिनिटं.

"अजून आहे."

त्यानं टाकीतलं पेट्रोल बादलीत काढून कॉकवरची पट्टी उघडली. रबर अर्ध्या सुताएवढं सरकून बसलं होतं. दुपारी त्यानंच बसवलेलं. ते काढून, पुसून, फिरवून लावलं, पेट्रोल परत ओतून कॉक उघडला. पुन्हा थांबले. प्रतिमाबाई बुधली घेऊन उभ्या, ईरा दारातून डोकावणारी, साहेब हाताची घडी घालून.

कावेरीनं हुंगलं. वर, खाली, मागं. सावकाश. मग एकदा टाकीच्या कडेनं. "गेला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"वहिनी कशाला हे..." साहेबांनी पुरुषोत्तमकडे बघितलं.

खोटं सांगायला जागा होती. रबराचं सांगता आलं असतं, पेट्रोलचं सांगता आलं असतं, हयवदनची सगळी कारणं तोंडाशी तयार होती. पुरुषोत्तमनं पाना पिशवीत ठेवला.

"नाक गेलंय माझं सर. तापात गेलं असणार. आज दुपारी कळलं. तुम्ही म्हणालात ते तिन्ही वेळा खरं होतं."

साहेबांनी हाताची घडी सोडली. मग, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"उद्या दाखवतो. परत येईल म्हणतील, नाही म्हणतील. बाकीच्या तीन गाड्यावाल्यांना पण बोलवायचं आहे."

प्रतिमाबाईंनी विचारलं, "आता लावू?" त्यांनी कावेरीला विचारलं होतं. कावेरीनं गाडी आणखी फाटकाकडे सरकवायला लावली आणि मग म्हणाली, "लावा अक्का."

घरी आले तेव्हा आठ वाजून गेले होते. पुरुषोत्तम पुढच्या दाराशी थांबला, मग न सांगता वळून मागच्या बोळातून न्हाणीकडे गेला. शर्ट उतरवून बादलीत भिजवला. हात, मान, छाती, कानांच्या मागं साबण लावला, दगडानं अंग घासलं. कधी थांबायचं ते त्याला कळेना. स्वच्छ झालं की नाही हे विचारायला आता त्याच्याजवळ स्वतःचं काही नव्हतं.

"कावेरी," त्यानं हाक मारली. "गेला काय बघ."

ती न्हाणीच्या दाराशी आली. "गेला. या जेवायला. दमलात."

त्यानं मान वर केली. दिव्याच्या उजेडात ती उभी होती आणि तिच्या पदराचं टोक नाकाशी होतं. आपण धरलंय हे तिला माहीतही नव्हतं.

"कावेरी, उद्यापासून तू दुकानात हुंगायला स्टुलावर बसणार आहेस. मला बरं वाटावं म्हणून गेला म्हणालीस तर कुणाच्या तरी जिन्याखाली दिवा असतो." तो थांबला. "मला खरं सांग."

तिनं पदर खाली घेतला. श्वास घेतला.

"स्वल्प आहे," ती म्हणाली. "उजव्या कोपरापाशी."

त्यानं साबण उचलला.